मीठ, बर्फ आणि कोकू : सामंती जपानच्या युद्धखेळाचा नकाशा

जपानी सरदारांच्या यादवीवर खेळ रचायला बसलेला माणूस बहुधा घराण्यांच्या चिन्हांपासून सुरुवात करतो. ताकेदांचे चार चौकोन, होजोंचे तीन त्रिकोण, उएसुगींच्या बांबूतल्या चिमण्या. मग प्रत्येक सरदाराच्या शौर्याला, मुत्सद्देगिरीला, निष्ठेला गुण दिले जातात आणि शेवटी प्रांतांचा एखादा तयार नकाशा घेऊन त्यात रंग भरले जातात. असा खेळ पहिल्या बैठकीत देखणा वाटतो आणि तिसऱ्या बैठकीपर्यंत विझतो. शेजारच्या प्रांतावर चालून जायचं, तो पडला की त्याच्या पुढच्यावर, एवढंच खेळाडूंच्या हाती उरतं. दुसरं काही करायला नकाशाने त्यांना भागच पाडलेलं नसतं.

क्रम उलटा हवा. आधी डोंगर, पाणी, वाटा, भात आणि मीठ, मग किल्ले, मग माणसं, चिन्हं सर्वांत शेवटी. प्रत्येक घराण्याला काहीतरी कमी पडलं पाहिजे आणि ती उणीव भरून काढणारी गोष्ट दुसऱ्या कुणाच्या तरी मुलखात असली पाहिजे. नकाशाने एवढं केलं की तह, सोयरिकी, दगाफटका हे सगळं खेळाडू स्वतःहून करतात, त्यासाठी जाडजूड नियम लिहावे लागत नाहीत. सोळाव्या शतकातल्या जपानच्या भूगोलात हे आधीच घडलेलं आहे. म्हणून कल्पनेतलं बेट रचण्याआधी तो नीट समजून घ्यावा. पुढे नावं बदलून काल्पनिक राज्य करायचं असेल तरी खालचा सांगाडा हाच ठेवता येतो.

खेळ कोणता, ते आधी सांगतो. पाच ते सात खेळाडू, प्रत्येकाकडे एका घराण्याची गादी. ते आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात, एकमेकांकडे दूत धाडतात आणि दर फेरीला आपले हुकूम चिठ्ठीवर लिहून देतात. एक जण सूत्रधार असतो, ज्याला खेळाडूंच्या बोलीत गेम मास्टर म्हणतात. खरा नकाशा त्याच्यापाशी असतो. एक फेरी म्हणजे एक महिना धरा.

पहिला निर्णय काळाचा आणि चौकटीचा. १४६७ साली क्योतोत ओनिनचं युद्ध पेटलं, दहा वर्षांत राजधानी उजाड झाली आणि पुढे शंभराहून अधिक वर्षं देश सरदारांच्या हाती विखुरलेला राहिला. या काळाला सेंगोकू म्हणतात. जुन्या व्यवस्थेप्रमाणे जपानात ६६ प्रांत आणि दोन बेटं होती. सगळी घेतली तर ना खेळाडू पुरतील ना सूत्रधाराचं डोकं. कोएई या जपानी कंपनीने १९८३ साली 'नोबुनागाची महत्त्वाकांक्षा' हा संगणकावरचा खेळ काढला, तेव्हा त्यातही आधी १७ प्रांतच होते. सगळा देश पुढच्या आवृत्तीत आला. आपण बारा घेऊ : ओवारी, मिनो, मिकावा, तोतोमी, सुरुगा, काई, शिनानो, एचिगो, कोझुके, मुसाशी, सागामी आणि इझु. आजच्या भाषेत नागोयापासून टोकियोपर्यंतची किनारपट्टी, तिच्या मागचे उंच डोंगर आणि डोंगरापलीकडचा जपान समुद्राचा काठ.

वेळ १५६०च्या शरद ऋतूची. त्याच वर्षी जूनमध्ये ओकेहाझामाला ओदा नोबुनागाने अचानक हल्ला करून इमागावा योशिमोतोला मारलं होतं. त्यामुळे सुरुगात सुन्पूच्या गादीवर त्याचा मुलगा उजिझाने आहे, वडिलांच्या सावलीतून नुकताच बाहेर पडलेला. मिकावात ओकाझाकीच्या किल्ल्यात मात्सुदाइरा मोतोयासु हा तरुण परत आला आहे. पुढे जग त्याला तोकुगावा इएयासु म्हणून ओळखेल. ओवारीत कियोसूला नोबुनागा. मिनोत इनाबायामाच्या डोंगरावर साइतो योशितात्सु, ज्याने चार वर्षांपूर्वी स्वतःच्या बापाला लढाईत संपवलं. काईमध्ये ताकेदा शिंगेन. एचिगोत नागाओ कागेतोरा, म्हणजे पुढचा उएसुगी केन्शिन. ओदावाराला होजो उजियासु. सात खुर्च्या भरल्या.

आता कागद घ्या. जपानची सरकारी नकाशा संस्था उंचसखल दाखवणारे नकाशे इंटरनेटवर मोफत पाहू देते. त्यावरून डोंगर आणि दऱ्या गिरवून घ्या, पण नद्या आणि किनारा आजचा घेऊ नका. आजची तोने नदी चोशीजवळ प्रशांत महासागराला मिळते. १५६० साली ती दक्षिणेकडे वाहून एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, उपसागरात जात होती. तिला पूर्वेकडे वळवलं ते सतराव्या शतकात. मिनो आणि ओवारीमधून वाहणाऱ्या किसो नदीने १५८६च्या महापुरात पात्र बदललं. हामाना सरोवर १४९८च्या भूकंपापर्यंत समुद्राला थेट जोडलेलं नव्हतं. आज शहराच्या पोटात गेलेलं आत्सुता तेव्हा ऐन किनाऱ्यावर होतं. एचिगोचं मैदान आज भातासाठी नावाजलेलं असलं, तरी तेव्हा त्याचा बराच भाग पाणथळ होता. हे बारकावे खेळाच्या मुळाशी आहेत. तोनेचं पात्र चुकलं तर एदोभोवतीच्या कान्तोच्या मैदानात उतरलेलं सैन्य कुठे अडेल हेच चुकतं.

डोंगर गिरवून झाले की प्रांतांच्या सीमा आखायचा मोह होईल. तो आवरा आणि त्याऐवजी ठाणी आणि वाटा मांडा. रसद घेऊन चालणारं सैन्य दिवसाला साधारण २० ते २५ किलोमीटर जातं. म्हणून मोठ्या वाटांवर तेवढ्या अंतराने एकेक बिंदू द्या : कुठे किल्ला, कुठे गाव, कुठे नदीचा उतार, कुठे घाटमाथा. दोन बिंदूंमधली रेघ म्हणजे एका दिवसाची चाल. ओवारीतल्या आत्सुतापासून एदोपर्यंत किनाऱ्याची वाट सुमारे ३५० किलोमीटर, म्हणजे पंधराएक बिंदू. सगळ्या नकाशावर पन्नास-साठ बिंदू पुरतात. षटकोनी घरांचा नकाशा लढाईच्या मैदानासाठी चांगला; पण या प्रदेशात सैन्य वाटेल तिथून जाऊ शकत नव्हतं, आणि षटकोन नेमकं तेच विसरायला लावतात.

असा नकाशा तयार झाला की इतिहासातली कोडी त्यावरच सुटू लागतात. शिनानोच्या उत्तरेला, चिकुमा आणि साइ या नद्यांच्या संगमावर कावानाकाजिमा नावाची सपाटी आहे. शिंगेन आणि केन्शिन तिथे १५५३ ते १५६४ या काळात पाच वेळा समोरासमोर आले. एका नदीकाठच्या शेतजमिनीसाठी इतकं का, असा प्रश्न पुस्तक वाचताना पडतो. बिंदू मोजा. केन्शिनच्या कासुगायामा किल्ल्यापासून ही सपाटी तीन दिवसांच्या वाटेवर आहे. शिंगेनच्या कोफूपासून सुवामार्गे त्याच्या दुपटीहून अधिक. ही सपाटी शिंगेनच्या हातात पडली की शत्रू केन्शिनच्या घरापासून तीन मुक्कामांवर येऊन बसतो. खेळात केन्शिन झालेल्या खेळाडूला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. नकाशा पाहिल्यावर तो पहिल्याच फेरीत अस्वस्थ होतो.

यानंतर भात. जपानमध्ये जमिनीची किंमत कोकूत मोजत. एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर तांदूळ, वजनाने १५० किलोच्या आसपास. एका माणसाला वर्षभर पुरेल इतका असा ढोबळ हिशोब. नोबुनागानंतर सत्ता मिळवलेल्या तोयोतोमी हिदेयोशीने १५८२पासून देशभर जमिनीची मोजणी करवली, आणि १५९८च्या आकड्यांत सगळा देश सुमारे १ कोटी ८५ लाख कोकूंचा निघाला. त्यातले आपल्या कामाचे आकडे पाहा. ओवारी ५ लाख ७१ हजार. मिनो ५ लाख ४० हजार. एचिगो ३ लाख ९० हजार. काई २ लाख २७ हजार. सुरुगा फक्त दीड लाख, तोतोमी अडीच, मिकावा २ लाख ९० हजार. म्हणजे इमागावांचे नावाजलेले तीन प्रांत मिळून जेमतेम सात लाख होतात, आणि ज्याला 'लहान' म्हणतात त्या नोबुनागाचा एकटा ओवारी पावणेसहा लाखांच्या घरात आहे. ओकेहाझामाची गोष्ट मुंगीने हत्तीला हरवल्यासारखी सांगितली जाते. भाताचे आकडे तिला बरंच जमिनीवर आणतात. हे आकडे चाळीस वर्षांनंतरचे आहेत, आणि १५६०मध्ये नोबुनागाच्या ताब्यात सगळा ओवारी नव्हता, हे लक्षात ठेवून ते थोडे कमी करून वापरावेत. पण प्रांताप्रांतांतलं प्रमाण खेळासाठी विश्वासाचं आहे.

कोकूवरून सैन्य काढता येतं. दहा हजार कोकूंमागे अडीचशे ते तीनशे माणसं हा प्रमाणित अंदाज बहुतेक अभ्यासक वापरतात. पण नवखे रचनाकार इथेच थांबतात, आणि खेळाचा खरा गाभा पुढे आहे : ती माणसं खातात काय? एदो काळातल्या 'झोह्यो मोनोगातारी' या पुस्तकात साध्या शिपायांच्या तोंडून शिध्याचं प्रमाण दिलेलं आहे. माणशी दिवसाला सहा गो तांदूळ. दहा माणसांत एक गो मीठ आणि दोन गो मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा गोळा. एक हजार गो म्हणजे एक कोकू. पाच हजारांची फौज दिवसाला ३० कोकू तांदूळ संपवते. ओझ्याच्या घोड्यावर फार तर एक कोकू लादता येतो. म्हणजे रोज तीस घोडे रिकामे. शिंगेनला कावानाकाजिमाला पोचायला सात दिवस लागले, तर नुसतं पोचण्यात २१० घोड्यांचं ओझं संपतं, आणि घोड्यांची दाणावैरण वेगळीच. केन्शिनला तेच नव्वद घोड्यांत होतं. आता कळतं की शिंगेन शिनानोत वाटेवर ठाणी बांधून कोठारं का भरत होता, आणि काइझूचा किल्ला त्याने संगमाच्या कडेलाच का उभारला.

खेळात हा हिशोब प्रत्येक वेळी मांडायला लावू नका. एका फौजेला एका महिन्याचा शिधा म्हणजे एक लाकडी ठोकळा, आणि कोठार असलेल्या बिंदूंवर ठोकळे आधी साठवावे लागतात, एवढा एक नियम पुरतो. शत्रूच्या शेतातलं उभं भात कापून नेण्याची चाल मात्र जरूर ठेवा. त्या काळच्या मोहिमांत ती सर्रास होती, आणि किल्ल्यात बसून राहिलेल्या सरदाराला बाहेर काढण्याचा तो सर्वांत खात्रीचा उपाय होता. स्वतःच्या गावांतली माणसं लावणी किंवा कापणीच्या महिन्यात उचलली तर पुढच्या वर्षीचे कोकू घटले पाहिजेत, हेही.

भाताने सगळं सांगून होत नाही. काईचे कोकू कमी, पण डोंगरात कुरोकावाच्या सोन्याच्या खाणी. शिनानो, काई, कोझुके आणि मुसाशी इथे घोड्यांची जुनी राजकुरणं. ओवारीचं बळ शेतापेक्षाही त्सुशिमा आणि आत्सुता या बंदरांच्या पेठांत. एचिगोला आओसो नावाच्या वाखापासून आणि बंदरांच्या जकातीतून पैसा. शिंगेनने कामानाशी नदीला आवरायला कोफूच्या खोऱ्यात बांध घातले. ते काम १५६०च्या सुमारास उभं राहत होतं आणि त्याचे अवशेष आजही दिसतात. म्हणून नकाशावर प्रत्येक प्रांतात एखादी जागा अशी ठेवा की तिथे दोन-तीन वर्षं पैसा घातला तर उत्पन्न वाढेल. सगळ्यांनी सतत लढायचं ठरवलं तर खेळ लवकर संपतो. बांध बांधणाऱ्यालाही जिंकण्याची आशा हवी.

आणि मीठ. माझ्या मते या सगळ्या प्रदेशातली खेळाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची वस्तू हीच. काई आणि शिनानोला समुद्र नाही. काईला मीठ सुरुगाच्या किनाऱ्यावरून चढत येई. शिनानोला उत्तरेकडून एक वाट होती, एचिगोतल्या इतोइगावापासून मात्सुमोतोपर्यंत सुमारे १२० किलोमीटर, बैलांच्या आणि हमालांच्या पाठीवरून. १५६७ साली इमागावांनी काईकडे जाणारं मीठ रोखलं. मिसो, लोणची, वाळवलेले मासे, सगळंच अडलं. केन्शिनने हाडवैरी असूनही शिंगेनला मीठ पाठवलं, अशी कथा जपानमध्ये मुलांनाही ठाऊक असते. इतिहासाला पटणारी गोष्ट थोडी साधी आहे : त्याने आपल्या व्यापाऱ्यांची मिठाची विक्री थांबवली नाही. खेळासाठी ही साधी गोष्टच जास्त उपयोगाची.

मिठाचा नियम असा ठेवा. समुद्र नसलेल्या प्रांताला दर तीन महिन्यांनी मिठाची एक सोंगटी लागते आणि ती ठरलेल्या वाटेने बिंदूबिंदूवरून आली पाहिजे. वाटेवरच्या ठाण्याचा धनी तिच्यावर जकात घेऊ शकतो किंवा ती अडवू शकतो. पण अडवणाऱ्यालाही किंमत मोजावी लागली पाहिजे : त्याच्या बंदराच्या पेठेचं उत्पन्न बुडतं आणि तिथले व्यापारी कुरकुरतात. अशा एका सोंगटीने काय होतं पाहा. शिंगेनला उजिझानेशी गोड बोलावं लागतं. उजिझानेला पहिल्यांदा आपल्या हातात काहीतरी असल्याचं जाणवतं. आणि केन्शिनपुढे असा प्रश्न येतो ज्याचं उत्तर तलवारीत नाही. १५६८च्या डिसेंबरमध्ये शिंगेन इमागावांशी असलेला तह मोडून सुरुगात उतरला, तो समुद्राकडे पोचायला. तुमच्या खेळातला शिंगेनही बहुधा तेच करेल, आणि त्याला इतिहास माहीत असण्याची गरज नसेल.

बर्फाचं तसंच. एचिगो हा जगातल्या सर्वाधिक हिमवृष्टीच्या वस्ती-प्रदेशांपैकी एक. कान्तोत उतरायला केन्शिनला मिकुनी घाट ओलांडावा लागे, आणि तो हिवाळ्यात बंद. १५६०च्या शरदात तो बर्फाआधी घाट उतरला, कोझुकेतल्या उमायाबाशीला हिवाळा काढला, १५६१च्या वसंतात ओदावाराला वेढा घातला आणि उन्हाळ्यात परतला. त्याच्या अशा हिवाळी स्वाऱ्यांमागे एचिगोतल्या टंचाईच्या महिन्यांत माणसांना परमुलखात पोसणं हाही हेतू होता, असं इतिहासकार फुजिकी हिसाशी यांनी मांडलं आहे. बर्फाने सरदार कसा बुडतो याचं ठळक उदाहरण मात्र आपल्या चौकटीबाहेरचं, १५८२च्या हिवाळ्यातलं : शिबाता कात्सुइए हा सरदार एचिझेनमध्ये बर्फात अडकून पडला, तेवढ्यात हिदेयोशीने त्याच्या बाजूचा नागाहामा किल्ला घेतला आणि पुढच्या वर्षी शिझुगाताकेला त्याचा पुरता पाडाव केला.

म्हणून प्रत्येक घाटाच्या बिंदूपाशी तो कोणत्या महिन्यांत खुला असतो ते लिहा. दक्षिणेकडे बर्फाचं काम पाऊस करतो : जून-जुलैच्या पावसात फुजी, ओइ आणि तेन्र्यू या नद्या फुगतात आणि किनाऱ्याची वाट तुकड्यातुकड्यांत तुटते. घाट बंद होण्याआधी कुठल्या बाजूला असायचं, हा निर्णय नोव्हेंबरच्या फेरीत प्रत्येक खेळाडूला घ्यावा लागतो. माझ्या दृष्टीने सगळ्या खेळातला हा सर्वांत चांगला क्षण, कारण तो टाळता येत नाही.

किल्ल्यांविषयी थोडक्यात. पांढऱ्या भिंतींचे, एकावर एक छपरं असलेले उंच किल्ले १५६०च्या नकाशावर काढू नका. तशा वास्तूंना खरी सुरुवात नोबुनागाच्या आझुचीपासून झाली, ती १५७६ ते १५७९मध्ये. हिमेजीचा आजचा प्रसिद्ध बुरूज १६०९चा. आपल्या काळात बहुतेक किल्ले म्हणजे डोंगराच्या सोंडा कापून केलेले माथे, मातीचे बांध, कोरडे खंदक आणि लाकडी कुंपणं. शिंगेन तर कोफूला खंदकाच्या आतल्या वाड्यातच राहत असे, आश्रयाचा गड मागच्या डोंगरावर. असे किल्ले लवकर बांधून होतात आणि लवकर सोडूनही देता येतात. खेळातही ते स्वस्त ठेवा.

नकाशावर रंग भरायची वेळ आली तरी सगळा मुलूख सात रंगांत वाटून टाकू नका. बऱ्याच खोऱ्यांत स्थानिक वतनदार होते, जे बलवान शेजाऱ्याचं मांडलिकत्व पत्करत आणि वारं बदललं की धनीही बदलत. त्यांना फिकट रंगाच्या पट्ट्या द्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे इक्को या बौद्ध पंथाचे जमाव. नकाशाबाहेरच्या कागा प्रांतात १४८८पासून त्यांचीच सत्ता होती. ओवारीच्या कडेला नागाशिमाच्या नदीमुखातल्या बेटांवर त्यांचा तळ होता. १५६३मध्ये मिकावात त्यांनी उठाव केला तेव्हा इएयासुचे स्वतःचे सरदार दोन तटांत विभागले गेले. होन्दा मासानोबु हा पुढे त्याचा निकटचा सल्लागार झाला, पण त्या वेळी तो उठावाच्या बाजूने होता. शिंगेनची पत्नी आणि या पंथाच्या होन्गान्जी मठाचा प्रमुख केन्न्यो याची पत्नी या बहिणी. म्हणजे शिंगेनला केन्शिनच्या पश्चिमेला, एत्चूत, आग लावायची असेल तर घोडदळ नको, एक पत्र पुरतं. ही नातीही नकाशाचाच भाग समजा आणि बारीक रेघांनी दाखवा.

तशाच तीन रेघा १५५४च्या तहाच्या. ताकेदा, होजो आणि इमागावा यांनी एकमेकांच्या घरांत मुली दिल्या : शिंगेनची मुलगी होजोंकडे, होजोंची इमागावांकडे, इमागावांची शिंगेनच्या थोरल्या मुलाला. सून, जावई आणि ओलीस यांच्या सोंगट्या करा आणि त्या ज्या किल्ल्यात आहेत तिथे ठेवा. १५६०मध्ये इएयासुची बायको आणि लहान मुलगा सुन्पूत, इमागावांच्या ताब्यात आहेत. तो नोबुनागाकडे झुकला तर त्यांचं काय? खऱ्या इएयासुने १५६२ साली कामिनोगोचा किल्ला घेऊन इमागावांच्या बाजूच्या उदोनो घराण्याची मुलं पकडली आणि त्यांच्या बदल्यात आपली माणसं सोडवली. हा पेच नियमांच्या पुस्तकातून आलेला नाही, सुन्पूच्या बिंदूवर ठेवलेल्या दोन छोट्या सोंगट्यांमधून आला आहे.

नकाशाच्या कडांनाही काम द्या. पश्चिमेच्या कडेला क्योतो आणि साकाई असे दोन बिंदू हवेत. क्योतोतला शोगुन आशिकागा योशितेरु दुबळा असला तरी किताब देऊ शकत होता. १५५९ साली केन्शिन आणि नोबुनागा दोघेही त्याच्या भेटीला जाऊन आले होते. साकाई हे व्यापाऱ्यांच्या हातातलं बंदर, बंदुका आणि सोऱ्याचं. १५४३ साली तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांबरोबर बंदूक आली, आणि तिच्या दारूला लागणारा सोरा बहुतांशी परदेशातून येत राहिला. पोर्तुगीजांच्या व्यापाराचं आशियातलं मुख्य केंद्र आपलं गोवा. जहाजं गोव्याहून मलाक्का, मकाव करत क्युशूला पोचत. अन्जिरो नावाच्या कागोशिमाच्या माणसाचा बाप्तिस्मा १५४८ साली गोव्यात झाला, आणि त्याला बरोबर घेऊन फ्रान्सिस झेवियर १५४९च्या ऑगस्टमध्ये कागोशिमाला उतरला. नकाशावर यातलं काहीच दिसणार नाही. पण साकाईच्या बिंदूवर वर्षातून एकदा सोऱ्याच्या मोजक्या सोंगट्या येतील, आणि काईतल्या शिंगेनला त्या मिळवायला पाच परक्या मुलखांतून वाट काढावी लागेल.

खेळाडूंना खरा नकाशा कधीच दाखवू नका. जपानमध्ये ग्योकीच्या नावाने ओळखले जाणारे जुने नकाशे होते : प्रांत म्हणजे नुसते गोलसर तुकडे आणि राजधानीपासून निघणाऱ्या वाटा. प्रत्येक घराण्याला तसा एक साधा नकाशा द्या, ज्यात स्वतःचा मुलूख बारकाईने आणि बाकीचा ऐकीव असेल. बातमीही वाटेनेच येते. चार बिंदू दूरच्या घटनेची खबर चार दिवसांनी मिळेल, आणि वाटेतलं ठाणं शत्रूचं असेल तर मिळणारही नाही. शिंगेनप्रमाणे डोंगरांवर धुराचे इशारे बसवणाऱ्याला हा उशीर कमी करता यावा; त्याचा खर्च ठेवा.

सभोवतालच्या जगाबद्दल एकच दक्षता. सामुराई म्हणजे धन्यासाठी हसत मरणारा, हे चित्र नंतरच्या शांततेच्या काळात घट्ट झालं. हिदेयोशीने शेतकऱ्यांची शस्त्रं काढून घेतली ती १५८८मध्ये. आपल्या काळात गावकऱ्याच्या घरी भाला आहे, तो शिपाई होऊ शकतो, आणि सरदार धनी बदलू शकतो. खेळाडूंना हे पहिल्या बैठकीत स्पष्ट सांगा, नाहीतर ते सगळे एकसारखेच कठोर आणि निष्ठावान वागू लागतात.

नकाशा झाला की त्यावरची नावं झाका आणि या इतिहासाशी काही संबंध नसलेल्या मित्राला दाखवा. प्रत्येक मुलखाला काय हवं आहे आणि ते कुणाकडे आहे, हे तो पंधरा मिनिटांत सांगू शकला तर नकाशा तयार आहे. एखाद्या मुलखाबद्दल त्याला काहीच सांगता आलं नाही, तर तिथल्या खेळाडूला करण्यासारखं काही नाही. त्याची एक वाट तोडा किंवा एक बंदर काढून घ्या. पहिला खेळ १५६०चा सप्टेंबर ते १५६१चा एप्रिल एवढाच ठेवा, आठ फेऱ्यांचा. आणि केन्शिनची जागा तुमच्यातल्या सर्वांत संयमी खेळाडूला द्या, कारण मिकुनी घाट ओलांडायचा की नाही या त्याच्या एका निर्णयावर उरलेल्या सहा जणांचा हिवाळा ठरतो.